सर्वांत जवळचा रस्ता

आईचा फोन आला तेव्हा मी गल्ल्या पुसत होतो. सकाळपासून नव्वदेक झाल्या असतील. गल्ली आपली असते तिथंच राहते, तिच्यातली माणसं भांडी घासतात, सायकली लावतात, एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. नकाशा अमुक इतका लहान झाला की ती दिसायची नाही, एवढंच मी ठरवतो. फोनचा पडदा तळहाताएवढा. त्यात अख्खं शहर कोंबायचं तर कुणाला तरी बाहेर उभं करावं लागतं, आणि कुणाला बाहेर काढायचं याचे नियम लिहिणं हे माझं काम. चौदा वर्षं झाली. "कामात आहेस का?" आईनं विचारलं. ती नेहमी असंच विचारते आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाते. "रविवारी मावशी येतेय, काकांना घेऊन. आठवड्यात दोनदा बाहेर पडले म्हणे ते, एकदा तर पायात मावशीच्या चपला. मी तिला म्हटलं, अगं, जिवाला घोर लावून घेऊ नकोस, माझ्या मुलाला सांगते, तो ते घड्याळ बांधून देईल. आपल्या ह्यांना होतं ना, तसलं." मी म्हटलं, "बरं." "तुझ्या नकाशानं ह्यांच्यापर्यंत नेलं म्हणून," आई म्हणाली, "नाहीतर कुठं कुठं हिंडलो असतो आपण." मी परत म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि एका गल्लीवर बाण तसाच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, घरी सगळं ठीक ना म्हणून. मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते आता आठवत नाही.

माझ्या कामाबद्दल सांगायला लागलो की लोक जांभया द्यायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या डेटाबेसमध्ये शहराच्या दोन प्रती असतात. एक पूर्ण. तिच्यात प्रत्येक रस्त्याची ओळ असते, आणि त्या ओळीत त्याचा आकार, कुठून निघतो, कुठं वळतो, कुठं संपतो. पायवाटा, जिने, कुंपणाला पडलेली भगदाडंसुद्धा त्यात असतात. तिला ऑफिसात सगळे थोरली म्हणतात. दुसरी तिच्यातूनच गाळून काढलेली, हलकीफुलकी, फोनला झेपेल अशी. ती धाकटी. तिच्यात मोठे रस्ते, मधले रस्ते, पाणी म्हणून एक निळी रेघ. बास. दोघींनाही प्रश्न विचारता येतात, या जागेजवळ काय आहे, इथून किती लांब आहे. थोरली विचार करून उत्तर देते, धाकटी पापणी लवायच्या आत देते. फोनवाल्या माणसाला धीर नसतो, म्हणून आम्ही सगळं धाकटीलाच विचारतो. आता, घड्याळ किंवा फोन आकाशातून स्वतःची जागा ओळखतो, पण ती काही अगदी अचूक नसते. वीस-तीस मीटर इकडे तिकडे होतं. मग तक्रारी यायच्या. माझी बायको शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात दिसतेय. बस तळ्यात चाललीय. एका दुपारी मी बसलो आणि बेचाळीस ओळी लिहिल्या: ठिपका जिथं असेल तिथून सर्वांत जवळचा रस्ता धाकटीला विचारायचा आणि ठिपका उचलून त्या रस्त्यावर ठेवायचा. आम्ही त्याला चिकटवणी म्हणतो. दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे रस्त्यावर. तक्रारी बंद. आमचे साहेब पाठ थोपटत म्हणाले, "आता कसं नीटनेटकं दिसतंय." मला नीटनेटकं आवडतं. लहानपणी पाटीवरची बेरीज बरोबर असली तरी आकडे वाकडे आले म्हणून मी पुसून परत लिहायचो. बाबा म्हणायचे, "अरे, बरोबर आहे ना ती? मग राहू दे की." 

बाबा पाणीपुरवठ्यात होते, पंपावर. पस्तीस वर्षं. त्यांना वाचनाचा, फिरण्याचा, गप्पांचा कशाचाच नाद नव्हता. त्यांना फक्त पाणी ऐकायला यायचं. घरातला नळ कुठं गळतोय हे ते भिंतीला कान लावून सांगायचे. डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "या इमारतीचा पंप फार दिवस टिकायचा नाही, बेअरिंग गेलंय." पुढं दोन वर्षांत आधी माझं नाव गेलं, मग माझं नातं गेलं. मी घरी गेलो की ते मला "या साहेब" म्हणायचे आणि खुर्ची द्यायचे. आईला मात्र ते ओळखायचे, निदान ती आपली कुणीतरी आहे एवढं. मग ते बाहेर पडायला लागले, आणि मी त्यांच्या मनगटावर ते घड्याळ बांधलं. नावाचंच घड्याळ, त्याला काटे नव्हते. आत जागा सांगणारं यंत्र आणि हात हलतो की नाही हे टिपणारं आणखी एक. बाबा ते डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि कुणी विचारलं की सांगायचे, "पावणेपाच." सकाळी पावणेपाच, दुपारी पावणेपाच. आई हसायची. मीही हसायचो. आईच्या फोनवर मी नकाशा टाकून दिला आणि तिला दाखवलं: हा ठिपका म्हणजे बाबा. ती म्हणाली, "बाई गं, केवढेसे झालेत."

गेल्या हिवाळ्यातला तो दिवस. मी तो इतक्यांदा मनात फिरवलाय की आता त्याच्या कडा झिजल्यात, आणि कधी कधी वाटतं की मी उगाच काहीतरी भर घालतोय. पण वेळा पाठ आहेत, कारण वेळा घड्याळाच्या नोंदींच्या तक्त्यात आहेत. पाच बाराला ते घरातून निघाले. आई मागच्या बाजूला कपडे काढायला गेली होती, आणि पुढच्या दाराची कडी तिनं लावली नव्हती. पाच वीसला तिनं मला फोन केला. मी ऑफिसातून निघालो ते फोन हातात धरूनच. वाटेत आईला गाडीत घेतलं. ठिपका कालव्याच्या रस्त्यावर होता, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानापाशी. "सापडले," मी म्हणालो, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी थोडा अभिमानही वाटला. कालव्याच्या दोन्ही अंगांना रस्ते आहेत, अलीकडचा मोठा, वाहतुकीचा, पलीकडचा मागचा, सुनसान. मध्ये खोल चरातून कालवा जातो, झाडोऱ्यातून खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत आणि पाण्याच्या कडेनं एक पायवाट. रस्त्यावरून खालचं काही दिसत नाही. थोरलीत त्या पायऱ्या आहेत, ती पायवाट आहे. धाकटीत नाहीत. मीच काढल्या होत्या. निळ्या रेघेच्या कडेला ते बारीक दोरे पडद्यावर घाण दिसायचे.

पाच बावन्नला आम्ही दुकानापाशी पोचलो. शटर बंद, पायरीवर कुणी नाही. अंधारून आलं होतं, गाड्यांचे दिवे लागले होते. मी फोन बघितला तर ठिपका पलीकडच्या रस्त्यावर. "पूल ओलांडून गेले," मी म्हणालो. आई म्हणाली, "अरे, पाण्याकडे उतरले असतील. ह्यांना पाणी ऐकू येतं." मी म्हणालो, "आई, रस्त्यावर दिसतायत ना स्पष्ट." आम्ही गाडी वळवून पुलावरून पलीकडे गेलो. ठिपका परत अलीकडे. परत मागे. तिथंही नाहीत. मी आईला म्हणालो, हे मला शब्दन् शब्द आठवतं, मी म्हणालो, "चालतायत बघ. चालतायत म्हणजे बरे आहेत. काळजी करू नकोस." ती माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. "अरे, पण ह्यांचे गुडघे," ती म्हणाली. "ह्यांना एवढं भरभर कुठं चालता येतं?" बरोबर विचारत होती ती. शहात्तर वर्षांचा माणूस, दोन मिनिटांत पूल ओलांडून पलीकडे, दोन मिनिटांत परत अलीकडे. चौदा वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला जे कळायला हवं होतं ते तिला कळत होतं. मी म्हणालो, "आई, मला जरा माझं काम करू दे." मग कठड्यापाशी जाऊन तिनं एकदा खाली वाकून बघितलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "ओरडू नकोस, रस्त्यावर आहेत ते, दचकून गाडीखाली येतील." तिनं हाक मारली नाही. मी सांगितलं म्हणून.

सात वीसला खालून कुणीतरी ओरडलं, वर कोण आहे का म्हणून. कुत्रं फिरवायला आलेला एक माणूस होता. बाबा पायऱ्या उतरून गेले होते, खालच्या पायवाटेवर पडले होते, दोन्ही रस्त्यांच्या जवळजवळ मधोमध. आकाशातून येणारी जागा थोडीशी अलीकडे सरकली की माझा नियम त्यांना उचलून मोठ्या रस्त्यावर ठेवायचा, थोडी पलीकडे सरकली की मागच्या रस्त्यावर. पडलेल्या माणसाला मी दीड तास चालवत होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, डोक्याला मार आहे, काही कळलंही नसेल, लगेच गेले असतील. आईनं त्या वाक्याला जे धरलं ते आजपर्यंत. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, "लगेच गेले. त्रास झाला नाही." आणि दुसरं वाक्य, "मी मेलीनं कडी लावली असती तर." ही दोन वाक्यं तिच्याकडे जोडीनंच येतात. आधी पहिलं, स्वतःची समजूत काढायला, मग दुसरं. 

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. मला फक्त शेवटची ओळ बघायची होती, का ते माहीत नाही; माणूस गेल्यावर त्याचा चष्मा हातात घेऊन बसतात तसंच काहीतरी. तक्त्यात चार रकाने होते. वेळ. मूळ जागा. दाखवलेली जागा. हालचाल. दाखवलेली जागा मीच बनवलेली, ती रोज बघायचो. मूळ जागेच्या रकान्याकडे मी वर्षानुवर्षं ढुंकूनही बघितलं नव्हतं. नीटनेटकं केल्यावर ओबडधोबड कोण बघतो? दर मिनिटाला एक ओळ. पाच पस्तीसपासून मूळ जागा एकाच टापूत, पाण्याच्या कडेला. आणि हालचालीच्या रकान्यात हो. पाच छत्तीस, हो. पाच सदतीस, हो. मी बोट खाली नेत राहिलो. सहा, हो. सहा दहा, हो. सहा पंधरा, हो. सहा सोळा, नाही. त्यानंतर सगळं नाही. हो असलेल्या एक्केचाळीस ओळी. आम्ही पाच बावन्नला वर पोचलो होतो. म्हणजे त्यांचा हात हलत होता तेव्हा आम्ही दोघं त्यांच्यापासून चाळीस पावलांवर, तेवीस मिनिटं, पूल ओलांडत होतो आणि परत येत होतो. बाहेर कुणीतरी आईला म्हणत होतं, नशीबच म्हणायचं, त्रास तरी झाला नाही. मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणलं.  

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या आठवड्यात. पण सांगायचं म्हणजे तिच्याकडून ते 'लगेच गेले' काढून घ्यायचं, आणि तिच्याजवळ दुसरं होतं काय? असं मी स्वतःला समजावलं. हे अगदी खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मला तिच्या डोळ्यांत लहान व्हायचं नव्हतं, हे खरं. ती शेजारणींना सांगायची, भाजीवालीला सांगायची, याच्या नकाशामुळे तिथवर पोचलो, नाहीतर ह्यांना परक्यांनी उचलून नेलं असतं. मी मूग गिळून समोर बसायचो. आणि मग ती कडीचं काढायची, डोळ्यांत पाणी आणून, आणि मी म्हणायचो, "आई, नको ना परत परत." बास, एवढंच. सगळं खापर ती एकटी आपल्या डोक्यावर फोडून घेत होती आणि मी तिला पाण्याचा पेला देत होतो. ऑफिसात एकदा धीर करून साहेबांकडे गेलो, म्हणालो, चिकटवणी काढून टाकू, निदान हरवलेल्या माणसांच्या घड्याळांसाठी तरी. "तक्रार कुणाची आली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कुणाची अशी नाही." "मग?" "कधी कधी ठिपका खोटा दिसतो." ते हसले. "अरे बाबा, नकाशा म्हणजे थोडं खोटं आलंच. नव्या लोकांना तूच शिकवतोस हे." तक्रार माझी आहे, एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते फोन घ्यायला वळले आणि मी माझ्या टेबलाशी आलो. तो नियम आजही चालू आहे. कुणाचे तरी वडील आत्ता या क्षणी सर्वांत जवळच्या रस्त्यावर नीट उभे केलेले असतील.

आणि आता काका. काका म्हणजे मावशीचे यजमान, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेले. लहानपणी मला पेन्सिल कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं. आईच्या फोननंतर तीन दिवस मी टाळाटाळ केली. घड्याळ मिळत नाही असं सांगावं, ते बंद झालं म्हणावं, असं सगळं मनात आलं. शुक्रवारी ऑफिस रिकामं झाल्यावर बसलो आणि काकांच्या एका घड्याळासाठी वेगळी वाट काढली: चिकटवणी नाही, ठिपका नाही. मूळ जागा जशी येईल तशी, आणि तिच्याभोवती चुकीची शक्यता आहे तेवढं मोठं वर्तुळ. आणि मागचा नकाशा थोरलीतला, पायवाटा, जिने, सगळ्यासकट. फोनवर उघडायला वेळ लागत होता, दिसायला गिचमिड दिसत होतं. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटं, आणि मी वर्षभर केलं नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी मावशी आणि काका आले. काका फार सुकले होते, पण हसरे. बस आली का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तीनदा माझं उत्तर ऐकून समाधान पावले. मी घड्याळ बांधताना त्यांनी हात अगदी सरळ धरला. मग मावशीच्या फोनवर नकाशा उघडला. आईच्या घरावर, जिन्यावर आणि शेजारच्या अर्ध्या अंगणावर एक मोठं फिकट वर्तुळ आलं. मावशीनं फोन लांब धरून, मग जवळ धरून बघितलं. "हे काय रे? गोल? हे नक्की कुठं आहेत ते कळायचं कसं?"

"नक्की कळत नाही, मावशी. या गोलात कुठंतरी आहेत एवढंच. म्हणून गोल जेवढा आहे तेवढं सगळं बघायचं. रस्ता सोडूनसुद्धा. झाडीत, जिन्याखाली, पाण्याजवळ. आणि हाका मारायच्या."

"मग फायदा काय त्याचा?" मावशी म्हणाली. "ताई तर म्हणत होती, अगदी बरोबर दिसतं."

आई कपात चहा ओतत होती. "आमच्या वेळी ठिपका होता," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"बरोब्बर रस्त्यावर असायचा."

"हो."

तिनं कप मावशीपुढे सरकवला. चहा झाला, मावशीनं दोनदा मला विचारून फोन उघडून बंद करून बघितला, काकांना चपला घालून दिल्या, त्यांच्या त्यांच्या. आई त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. तिला वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी निघून जाऊ शकलो असतो. गाडीची किल्ली हातातच होती. ती आली, खुर्चीत बसली, पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाली, "गोल का केलास?"

मी सांगितलं. चिकटवणी म्हणजे काय, धाकटी म्हणजे काय, हे सगळं तिला सांगत बसलो, जणू ती कामाची मुलाखत होती. तिनं मध्येच हात वर केला. "ते राहू दे. ते रस्त्यावर नव्हतेच का?"

"नव्हते."

"खाली होते."

"पहिल्यापासून."

"आणि चालतायत म्हणालास ते?"

"ते चालत नव्हते, आई. माझा नियम ठिपका इकडून तिकडे टाकत होता."

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या कपांकडे बघत होती, काकांनी अर्धा टाकलेल्या चहाकडे. "लगेच गेले ना?" तिनं विचारलं. मला कळलं की इथं मी हो म्हणू शकतो. अजूनही. डॉक्टरांनी म्हटलंय, कागदावर आहे, आणि तक्ता माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. माझ्या तोंडात तो हो येऊन बसला होता. मग मी म्हणालो, "नाही. एक्केचाळीस मिनिटं. हात हलत होता."

आईनं काकांचा कप उचलून बशीत सरळ ठेवला. मग म्हणाली, "कधीपासून माहितीये तुला?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"तिसऱ्या." ती मान हलवत राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे वर्षभर मी कडी कडी करत होते. रोज. तुझ्यासमोर. माझ्यामुळे गेले म्हणत होते, आणि तू इथं बसून जेवत होतास."

"हो."

"मला हाक मारायची होती."

"हो, आई."

"तू माझा हात धरलास."

माफ कर म्हणावंसं वाटलं, पण त्या शब्दाचं तिनं काय करायचं होतं? मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो, लहानपणी बसायचो तिथं, आणि तिनं मला जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. मग ती म्हणाली, "ते आहे का अजून? जे तू बघितलंस ते?" 

"आहे."

"मला दाखव. तसं नाही, आकडे नकोत. नकाशावर दाखव. एकेक."

मी म्हणालो, नको आई, कशाला. तिनं हात पुढे केला. मी माझा फोन काढला, मूळ जागा उघडल्या, थोरलीवर टाकल्या. उघडायला वेळ लागला; एवढ्याशा पडद्यावर कालवा, पायऱ्या, पायवाट, एकेक करून येत गेलं. पाच पस्तीसचा ठिपका आला, पाण्याच्या अगदी कडेला. तिनं चष्मा लावला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. 

"पुढे," ती म्हणाली.

मी पुढचं मिनिट आणलं. ठिपका दाण्याएवढा सरकला. तिचं बोट त्याच्याबरोबर सरकलं. "पुढे." एकदा मी घाईनं दोन मिनिटं उडवली, तर तिला ते कळलं, आणि तिनं मला मागे यायला लावलं. पाच बावन्नला मी थांबलो, म्हणालो, इथं आपण पोचलो. तिनं मान हलवली. "पुढे." खोलीत दिवा लावायला हवा होता, पण उठलं कुणीच नाही, पडद्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. सहा. सहा पाच. प्रत्येक ठिपक्यावर ती थोडी थांबायची, ओठ हलवायची, काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. सहा चौदा. सहा पंधरा.

"पुढे," ती म्हणाली.

"यापुढे हात हलला नाही, आई. हा शेवटचा."

तिनं बोट उचललं नाही. 

"मग मागे घे," ती म्हणाली.